ऐकणाऱ्याचं तोंड

जुन्या खुर्चीची गादी उसवली की काथ्याच्या आधी त्या खुर्चीत बसून गेलेली माणसं बाहेर येतात. शर्टाची बटणं येतात, केसांतले आकडे येतात, कधी एखादं मुडपलेलं तिकीट, कधी दाताचा तुकडा. गादीवाला हे सगळं एका डब्यात टाकायचा आणि डबा भरला की उकिरड्यावर रिकामा करायचा. लोकांच्या पडलेल्या वस्तूंवर विचार करत बसणाऱ्यांतला तो नव्हता. खळगा कुठं पडलाय आणि तो कशाने भरायचा, एवढाच त्याचा विचार.

सगळे त्याला गादीवालाच म्हणत. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना ‘आमचा गादीवाला’ म्हणायची, आणि ते काही लाडाने नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या. दुकानात काथ्याची पोती, सुतळीची भेंडोळी, कापडाचे उरलेसुरले तुकडे, आणि मधोमध एक उलटी केलेली खुर्ची, पाय वर करून पडलेल्या शेळीसारखी. तिच्यापुढे बुटक्या स्टुलावर हा बसलेला. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे. जिभेने एकेक वळवून टोक आत, डोकं बाहेर असा ओठांवर आणायचा. लोहचुंबकाच्या हातोडीने तो ओठावरूनच उचलायचा आणि कापड ताणून लाकडात बसवायचा. एक हात कापड धरायला, एक हात हातोडीला, म्हणून खिळ्यांसाठी तोंड. या धंद्यातली जुनी माणसं असंच करतात. आयुष्यभर असं केलं की तोंडाला वळण पडतं. गाल आत ओढले जातात, ओठांचा चंबू होतो, जबडा हळूहळू गोल फिरत राहतो, आणि जिभेवर खिळा वळला की एक भुवई वर चढते.

तोंडात खिळे असले की बोलता येत नाही. घरात त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

“खिळे आहेत तोवर बरं आहे,” बायको शिलाईच्या मशीनवरून म्हणायची. खुर्च्यांची खोळ तीच शिवायची आणि त्याच्यापेक्षा सरळ शिवायची. “नाहीतर काय बोलणार आहे? सुतळी दे, कात्री दे.”

मुलगी चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. ती घरी आली की आईशी बोलायची, आई तिच्याशी बोलायची, आणि दोघींच्या मधे गादीवाला असला तर त्या त्याच्यावरून बोलायच्या, जसं कुंपणावरून बोलतात.

संगीत मंडळाच्या सभागृहातल्या खुर्च्यांचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा त्या त्याने दुकानात आणल्या नाहीत, कारण त्या जमिनीला ठोकलेल्या होत्या. तोच तिकडे जाऊ लागला. दुपारी सभागृह रिकामं. रांगांच्या मधे वाकून तो काम करायचा. एके दुपारी स्टेजवर एक म्हाताऱ्या गायिका सरावाला येऊन बसल्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. बाईंनी एक सूर लावला आणि तो तसाच धरून ठेवला. खोल विहिरीत घागर सोडावी, दोर हातातून सरसर जात राहावा, आणि तळ लागूच नये, तसा तो सूर गादीवाल्याच्या आत जात राहिला. तोंडात खिळे होते. हातोडी हवेत राहिली. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्याला कळलं की बाई केव्हाच उठून गेल्यात.

त्याला त्या गाण्याचं नाव माहीत नव्हतं. पुढेही कधी माहीत झालं नाही. विचारावं असंही त्याच्या डोक्यात आलं नाही. पाणी पिताना कुणी विहिरीचं नाव विचारत नाही.

काम संपल्यावर मंडळाचे चिटणीस आले. ते निवृत्त दातांचे डॉक्टर होते आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. म्हणाले, “काका, हिशेबाचं मंडळ बघेल सावकाश. पण तुम्ही कार्यक्रमाला येत जा. मागच्या कोपऱ्यातली खुर्ची तुमची. कायमची.”

मंडळाकडे दुसरं काही नसलं तरी रिकाम्या खुर्च्या भरपूर होत्या, आणि त्यातली एक द्यायला चिटणिसांना काही कष्ट पडले नाहीत. गादीवाल्याला मात्र वाटलं की आपला सत्कार झाला. घरी येऊन त्याने ते सांगितलंही. बायको म्हणाली, “म्हणजे कामाचे बुडाले.”

त्या खुर्चीत तो वर्षानुवर्षं बसला. दिवे मंद झाले, गाणं सुरू झालं की डोळे मिटायचा. मग त्याला घर नव्हतं, दुकान नव्हतं, बायकोचा टोमणा नव्हता. त्याच्या सगळ्या जगण्यात स्वतःचं म्हणावं असं ते एकच ठिकाण होतं, आणि ते त्या खुर्चीत नव्हे, तिच्यात बसून डोळे मिटल्यावर लागायचं. सूर यायचा आणि त्याचं तोंड आपोआप कामाला लागायचं. गाल आत, ओठांचा चंबू, जबडा गोल. सूर जिभेवर घ्यावा, वळवावा, ओठाशी आणावा, तसं. जागा साधली की भुवई वर. आपलं तोंड असं चालतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्या अंधारात बाकीची जी चार डोकी बसलेली असायची, त्यांतली निम्मी झोपलेली असत.

तर ती चार डोकी. मंडळाचं दुखणं तेच होतं. म्हातारे श्रोते एकेक करून गळत होते आणि त्यांच्या जागी कुणी येत नव्हतं. शेवटी चिटणिसांनी आपल्या भाच्याला बोलावलं. भाचा मोठमोठे समारंभ उभे करायचा. दुकानांची उद्घाटनं, मोटारींची प्रदर्शनं, श्रीमंतांची लग्नं. पोरगा हुशार, बोलायला गोड, आणि पायात कायम नवे बूट. मंडळाच्या खोलीत बैठक बसली तेव्हा गादीवाला कोपऱ्यात अध्यक्षांची खुर्ची उलटी करून बसला होता. त्याच्यावरूनच बोलणं चाललं.

“मामा, लोक का येत नाहीत, सांगू? इथं आलं की त्यांना वाटतं आपण मूर्ख आहोत.”

“आहेतच,” चिटणीस म्हणाले.

“असतील. पण ते कळून घ्यायला तिकीट कोण काढेल?”

भाच्याने मग एकेक उपाय काढले. आधी गाणं समजावून सांगायला एक प्राध्यापक आणले. ते गाण्यापेक्षा लांबले. एका बाईने हात वर करून विचारलं, “गाणं आजच आहे ना?” मग रंगीत दिवे लावले. बाई आधी हिरव्या झाल्या, मग जांभळ्या झाल्या, आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी काळजीने बायकोला विचारलं की यांना काही होतंय का. मग गाण्याचे छोटे छोटे तुकडे पाडले. सूर लागायच्या आत टाळ्या पडू लागल्या, म्हणजे जेवढे हात होते तेवढ्यांच्या. शेवटी भाच्याने स्टेजच्या मागे भला मोठा पडदा टांगला. वादकांची बोटं, गाणाऱ्याचे डोळे लोकांना जवळून दिसू देत म्हणाला. त्यासाठी एक कॅमेरावाला आणला. व्हायोलिनवाल्याची बोटं त्या पडद्यावर उपटून धुतलेल्या मुळ्यांसारखी दिसत होती.

आता हा कॅमेरावाला लग्नातला. लग्नात जेवणाऱ्या पाहुण्यांचे घास टिपायचे, कुणाच्या मिशीला काय लागलंय ते दाखवायचं, ही त्याच्या हाताची सवय. बोटं बघून तो कंटाळला आणि कॅमेरा त्याने लोकांवर फिरवला. मागच्या कोपऱ्यात एक माणूस डोळे मिटून काहीतरी खात बसलेला त्याला दिसला. सवयीने त्याने कॅमेरा जवळ नेला.

पडद्यावर गादीवाल्याचं तोंड उमटलं, घराच्या भिंतीएवढं. गाल आत गेले. चंबू झाला. जबडा फिरला. बाई एका सुरावर हळूहळू चढत होत्या, आणि त्या जिथं पोचल्या तिथं ती भलीमोठी भुवई टुणकन वर गेली.

नवा पडदा बघायला आलेली एक पोरगी फस्सकन हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळी.

बाईंनी गाता गाता छातीवरचं कापड सारखं केलं. त्यांना वाटलं आपलंच काहीतरी उघडं पडलंय. आणि भाचा मागे भिंतीला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात गावभर लागली: या, ऐका, गंभीर होऊ नका. गादीवाल्याने ती येता-जाता वाचली आणि त्याला आवडली. भाचा स्वतः दुकानात आला. “काका, आता मागे नाही बसायचं. तुम्ही आमचे सगळ्यात जुने श्रोते. पुढे बसायचं, मधोमध. वर छोटा दिवा राहील तुमच्यासाठी.”

“दिवा कशाला?”

“मान आहे तुमचा.”

गादीवाल्याने पुढच्या रांगेतली ती खुर्ची स्वतःहून उसवली आणि नव्याने भरली. नव्या स्प्रिंगा घातल्या, चांगला काथ्या पिंजून दाबला, वर जपून ठेवलेलं मखमली कापड ताणलं. एवढी छान गादी त्याने दुसऱ्या कुणासाठी कधी केली नव्हती. मग इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यात जाऊन बसला, डोळे मिटले, आणि त्याच्या डोक्यामागे सभागृह भरत गेलं.

“अगं, काय सांगू,” घरी येऊन तो म्हणाला. त्या दिवशी तो आपणहून बोलला, हेच नवल. “उभं राहायला जागा नव्हती. तरणी पोरं, बायका, लेकुरवाळ्या. आणि काय हसतात! नवीन आहेत ना. आनंद झाला की हसतात. आपण रडतो, ते हसतात.”

“तुम्ही कधी रडलात?” बायकोने विचारलं.

“आतून,” तो म्हणाला, आणि लाजला.

मुलीच्या चष्म्याच्या दुकानात जेवणाच्या सुट्टीत बरोबरची मुलगी मोबाईल घेऊन आली. “ए, हे बघ. हसून हसून मरशील.” मुलीने बघितलं. ते तोंड ती जन्मापासून बघत आली होती. त्या तोंडातून खिळा काढून तिने लहानपणी बापाच्या हातोडीला चिकटवला होता.

“कोण आहे गं हा?” बरोबरची म्हणाली.

“असेल कुणीतरी,” मुलगी म्हणाली. “येडाच दिसतोय.”

आणि ती हसली, कारण न हसणं दिसून आलं असतं.

घरी आल्यावर तिने आईला बाजूला घेतलं. आईने ऐकून घेतलं. पुढच्या कार्यक्रमाला तिने लग्नकार्यातली साडी नेसली, तिकीट काढून आत गेली आणि मागे जाऊन बसली. नवऱ्याची थट्टा करणाऱ्यांना चार शब्द सुनावायचे, भर सभागृहात उभं राहून सुनावायचे, असं ठरवूनच ती गेली होती. शब्दही जुळवले होते. दिवे मंद झाले. पडदा उजळला. नवऱ्याचं तोंड वर आलं. पहिल्यांदा चंबू झाला तेव्हा तिने पदराआड ओठ दाबले. भुवई टुणकन वर गेली आणि तिच्या पोटातून हसू फुटलं. आयुष्यात ती इतकी हसली नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं, बरगड्या दुखल्या, शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर तिने डोकं ठेवलं. दोघी मिळून हसल्या. ते जुळवलेले शब्द तिला पुन्हा आठवलेसुद्धा नाहीत.

जेवताना तिला तो समोर दिसला, घास चावत होता. तिने गाल आत ओढले, चंबू केला, जबडा फिरवला आणि भुवई उडवली. मुलीने ताटात तोंड खुपसलं.

“हे काय?” गादीवाला म्हणाला.

“हे तुम्ही,” बायको म्हणाली. “भिंतीएवढे. लोक गाणं ऐकायला येतात होय? तुम्हाला बघायला येतात. सगळं सभागृह. मीसुद्धा पोट धरधरून हसले बाई आज.”

मुलीने मोबाईल ताटाशेजारी ठेवला. त्याने बघितलं. एकदा बघितल्यावर त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग हात धुतले आणि दुकानात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तो चिटणिसांकडे गेला. “साहेब, मला माझी मागची खुर्ची द्या. आणि तो दिवा नको.”

चिटणीस त्याच्या तोंडाकडेच बघत होते. “काका, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मंडळ भरलंय. वादकांना काम मिळतंय. गाणं जगतंय. कुणामुळे? आणि तुम्हाला काय त्रास आहे? तुम्ही तर डोळे मिटून असता.”

“आता मला माहीत झालंय ना.”

“मग विसरा.”

तो बाईंकडे गेला. बाई विंगेत गरम पाण्याचा घोट घेत होत्या. आजवर तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तोंड उघडून सांगायला लागला, पण बाईंनीच हात वर केला.

“मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते हसू कानावर आलं की गळ्यात सुरी फिरते माझ्या. पण रिकाम्या खुर्च्यांपुढे गाऊन बघितलंय का तुम्ही कधी? ते याहून वाईट असतं. हसतात ते मधे दम घ्यायला थांबतात, तेवढ्यात माझं थोडं त्यांच्या कानात जातं. तुम्ही उठलात तर तेही गेलं. बसा. माझ्यासाठी बसा.”

ज्या बाईच्या सुरासाठी तो इतकी वर्षं आला, ती बाई ‘माझ्यासाठी’ म्हणाली. तो बसला.

पण आता डोळे मिटले की त्याला पापण्यांच्या आतसुद्धा तो पडदाच दिसायचा. जबडा हलतोय का, भुवई कुठं आहे, याकडे लक्ष. गाणं वरून निघून जायचं, छपरावरून पावसाचं पाणी जावं तसं. तोंड दगड झालं. लोक वाट बघून कंटाळले. कुणीतरी मागून ओरडलं, “ए, चालू कर की!”

भाच्याने त्याला मंडळाच्या खोलीत बसवून त्याचंच जुनं चित्रीकरण लावून दाखवलं. “हे बघा काका, इथं तुम्ही आधी गाल आत घेता. मग एक, दोन, आणि भुवई. तुम्हालाच तर करायचंय. दुसऱ्याचं थोडंच आहे?” गादीवाल्याने आरशासमोर बसून स्वतःचं तोंड पाठ केलं. बायकोने चुका काढल्या. “असं नाही. असं. तुम्हाला तुमचंसुद्धा जमत नाही?” कार्यक्रमात त्याने ते केलं. लोक एकदा हसले, ओळखीने, आणि मग गप्प झाले. खोटं लोकांना लगेच कळतं. खरं कळायलाच वेळ लागतो.

“आधी कसं येत होतं हो?” भाच्याने वैतागून विचारलं.

गादीवाल्याने प्रामाणिकपणे विचार केला. “खिळ्यांमुळे असेल,” तो म्हणाला. “कामाची सवय.”

“मग खिळे घ्या.”

आणि त्याने घेतले. या धंद्यातल्या माणसालाच असं करणं सोपं वाटेल. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकून तो पुढच्या रांगेत बसला. जीभ वळायला लागली, गाल आत गेले, चंबू झाला, भुवई उडाली. सभागृह पुन्हा हसायला लागलं. चिटणिसांचा जीव भांड्यात पडला. भाच्याने अंगठा वर केला. खिळे तोंडात असले की त्याचं सगळं ध्यान खिळ्यांवर. गाण्याकडे बघायचं कारणच नाही, आणि गाणं येत नाही याचं दुःखही नाही. असे कितीतरी कार्यक्रम गेले. दुकानातले खिळे तो जपून वापरू लागला, कार्यक्रमाला नवे चकचकीत न्यायचा, गंजके नाही.

मग एका संध्याकाळी बाईंनी तो सूर लावला. पहिल्या दुपारचा. कुठून लावला, का लावला, त्यांनाच ठाऊक. लोक हसत होते, तरी बाईंनी तो लावला आणि सोडला नाही. गादीवाल्याच्या हातातून पुन्हा तो दोर सुटला. घागर खाली, खाली. पडदा गेला. लोक गेले. तोंडात काय आहे ते गेलं. तळ लागत नव्हता, आणि त्याला लागायला नको होता. त्याने जबडा सैल सोडला, तोंड उघडलं, आणि कुणी सुखाने ओढतं तसा मोठा श्वास आत ओढला.

खिळे श्वासाबरोबर गेले.

पडद्यावर भिंतीएवढे डोळे उघडले. भिंतीएवढं तोंड निळं पडलं. हात गळ्याकडे गेले, जीभ बाहेर आली, आणि जिभेवर एक खिळा उभा दिसला, टोक आत, डोकं बाहेर, नेहमीसारखा. मग ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं. त्या सभागृहाने असं हसू कधी ऐकलं नव्हतं. माणसं खुर्च्यांवरून घसरली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कॅमेरावाल्याने कॅमेरा अजून जवळ नेला. बाई तेवढ्या गायच्या थांबल्या, त्यांनी बोट दाखवून काही म्हटलं, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दवाखान्यात खिळे काढले. काही गळ्यातून, काही पोट कापून. बायको उशाशी बसून राहिली, आणि त्या दिवसांत तिने एकही टोमणा मारला नाही, त्यामुळे गादीवाल्याला वाटलं आपण काही जगत नाही. चिटणीस भेटायला आले. आल्या आल्या म्हणाले, “आ करा बघू.” त्याने केला. त्यांनी आत बघून मान डोलावली.

“आराम करा तुम्ही. मंडळाची काळजी करू नका. भाच्याने एक नकल्या शोधलाय. पोरगा तयार आहे. तुमच्या चित्रीकरणावरून बसवलंय सगळं त्याने. तो शेवटचा प्रकार तर असा करतो, खिळ्याशिवाय हं, की बघत राहावं.”

“मागची खुर्ची?” गादीवाल्याने विचारलं. त्याचा आवाज खरवडल्यासारखा झाला होता.

“अहो, तुमचीच आहे. कायमची.”

म्हणजे जी खुर्ची त्याने मागितली होती ती त्याला मिळाली. आता तो मागच्या कोपऱ्यात बसतो. त्याच्यावर दिवा नसतो. मंडळ भरलेलं असतं, तिकीट लवकर काढावं लागतं, आणि बाईंच्या पाठोपाठ दुसरे गाणारे-वाजवणारेही येऊ लागलेत. पुढे मखमली खुर्चीत नकल्या बसतो. गाणं सुरू होतं. गादीवाला डोळे मिटून बघतो, उघडे ठेवून बघतो. सूर वर चढायला लागला की त्याचा जबडा आपसूक मिटतो, दात दातांवर घट्ट बसतात, घसा आवळतो. सूर येतो तोवर तो असा आवळून बसतो, आणि सूर गेला की सुटतो. मधलं काहीही त्याच्यापर्यंत येत नाही. तरी तो एकही कार्यक्रम चुकवत नाही.

परवा त्याच्या शेजारी एक जोडपं येऊन बसलं, पहिल्यांदाच आलेलं. बाई गात होत्या. पडद्यावर नकल्याने गाल आत ओढले, भुवई उडवली. बायको हसता हसता नवऱ्याच्या अंगावर पडली. हसून झाल्यावर नवरा गादीवाल्याकडे वाकला.

“काका, हा माणूस खरंच असा आहे, का नाटक करतो?”

गादीवाल्याने पडद्याकडे बघितलं.

“खरा आहे,” तो म्हणाला. “मी ओळखतो त्याला.”

“मग एवढं काय ऐकू येतं हो त्याला?”

गादीवाला पुढे वाकून त्या तोंडाकडे बघू लागला. माणूस उत्तराची वाट बघून पुन्हा हसण्यात गुंतला होता.

“तेच बघतोय,” तो म्हणाला.